सुरुवात मजुरीपासून करा

कॅथलिक चर्चची सामाजिक शिकवण समजून घ्यायची, तर 'रेरुम नोव्हारुम' (१८९१) हे पोपचं परिपत्रक अख्खं वाचायला बसू नका, आधी ४५वा परिच्छेद घ्या. राजीखुशीचा करार असला, तरी मजुराचं पोट भरत नसेल तर तो अन्यायच, असं पोप तेरावे लिओ तिथे बजावतात. मग पोप दुसरे जॉन पॉल यांच्या 'लाबोरेम एक्सेर्चेन्स' या परिपत्रकाचा (१९८१) १९वा परिच्छेद: पगार कुटुंबाला पुरला पाहिजे.

आता वही काढा. पुण्यात कोथरूडमध्ये चार घरची धुणीभांडी करणाऱ्या ताईंना विचारून खोलीभाडं, गॅस, मुलांची फी, पीएमपी बसचा पास लिहा, समोर पगार. खाडे कापतात का, हे जरूर विचारा, महिन्याचा हिशेब तिथेच कोलमडतो. 'इथे हाच दर चाललाय' एवढ्यावर थांबू नका. न्याय्य मजुरी बाजारभावावर ठरत नाही.

याच शिकवणीतल्या पूरकतेच्या तत्त्वावर (सबसिडिॲरिटी) नवखे हमखास अडखळतात. सरकारने अंग काढून घ्यावं, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. कुटुंब, स्थानिक संघटना अशा खालच्या पातळीला जमतं ते सरकारसारख्या वरच्याने हिसकावू नये, आणि झेपत नसेल तिथे मदतीला यायलाच हवं.