बेटांवर तर खाडीसारखा चिखल नसतो, मग हे किनाऱ्यावरचे पक्षी हिवाळ्यात तिथे जाऊन खातात काय?

ऐरोलीला ओहोटीच्या वेळी खाडीत जे बघतो त्यावरून असंच वाटतं की यांना चिखल म्हणजे चिखलच लागतो, पण तसं काही नाही. सोनचिखल्या घ्या, आपल्याकडेही येतो तो, तोच अलास्कातून निघून न थांबता तीन-चार दिवसात 4,000 किमीच्या वर उडून हवाईला पोचतो (मध्ये पाण्यावर बसायची सोयच नाही, निघायच्या आधी भरपूर खाऊन चरबी साठवलेली असते तेवढ्यावरच सगळं) आणि तिथे चक्क लोकांच्या लॉनवर, दफनभूमीत किडे टिपत फिरतो, वर दरवर्षी त्याच तुकड्यावर हक्क सांगतो, सोसायटीच्या पार्किंगसारखं. टर्नस्टोन आपल्या लक्षद्वीपला असतात, दगड-शेवाळ उलटं करून खातात.

माझा फेव्हरेट मात्र ब्रिसल-थाइड कर्ल्यू. हा फक्त पॅसिफिकच्या बेटांवर हिवाळा काढतो, खेकडे खातो, दुसऱ्या पक्ष्यांची अंडी दगड आपटून फोडतो, आणि पिसं झडली की बरेचजण काही दिवस उडूच शकत नाहीत, पूर्वी बेटावर शिकारी प्राणी नव्हते म्हणून चालून जायचं, आता माणसांबरोबर कुत्री-मांजरं पोचलीत तिथे त्यामुळे अवघड झालंय.