कॅन्सरच्या रुग्णाच्या जगण्याच्या गुणवत्तेला ०.७ असा आकडा कसा देतात?

त्या आजारासह जगण्याऐवजी पूर्ण आरोग्य मिळणार असेल तर माणसे किती आयुष्य सोडायला तयार होतात, यावरून हा आकडा काढतात. उदाहरणार्थ, सतत थकवा आणि वेदना सोसत १० वर्षे जगायचे की निरोगी राहून त्याहून कमी वर्षे, असे विचारतात; ७ वर्षांवर दोन्ही पर्याय सारखेच वाटले, तर त्या स्थितीचे मूल्य ०.७. १ म्हणजे पूर्ण आरोग्य, शून्य म्हणजे मृत्यूसमान, आणि काही स्थितींना लोक त्याहूनही कमी, म्हणजे ऋण मूल्य देतात. रुग्णाची स्थिती प्रश्नावलीतून नोंदवून तिला असे मूल्य लावतात; पण सर्व आजारांसाठीच्या सर्वसाधारण 'ईक्यू-५डी' प्रश्नावलीत पाचच बाबी असल्याने मळमळ, भूक न लागणे, झोप न येणे अशा, केमोथेरपीत रुग्णाला खरोखर हैराण करणाऱ्या गोष्टी तीत थेट विचारल्या जात नाहीत. त्या 'क्यूएलयू-सी१०डी' या कॅन्सरसाठीच्या साधनातील १० बाबींत येतात. मात्र हे मूल्य बहुधा सर्वसामान्य नागरिकांना विचारून ठरवलेले असते, आणि प्रत्यक्ष रुग्ण आजाराशी जुळवून घेत असल्याने त्याच स्थितीला अनेकदा अधिक मूल्य देतात. म्हणून सरकारी पैसा कोणत्या उपचारावर खर्चावा हे ठरवताना हा आकडा वापरावा, पण एखाद्या रुग्णाचे उपचार थांबवण्याचा आधार म्हणून तो कधीही वापरू नये.