टेलला उभं राहून बघ

नाशिक, ऑक्टोबरचा पहिला आठवडा

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. "मॅडम, कॉलेजात इक्विटी म्हणजे सद्सद्विवेकाचा कायदा असं शिकले. ऑफर लेटरमध्ये इक्विटी म्हणजे पाव टक्का. आणि कंपनीचे लोक म्हणतात, आम्ही शेतकऱ्याला इक्विटी देतो, म्हणजे न्याय. या तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे, की नुसतं नाव सारखं?" असल्या प्रश्नाला मोबाइलवर दोन ओळींत उत्तर देणं मला जमत नाही, म्हणून पत्र लिहायला बसले.

संबंध आहे, आणि तो गहाण पडलेल्या जमिनीतून जातो. त्यामुळे कांदा खरेदी करणाऱ्या कंपनीनं तुला दिलेल्या वकिलाच्या नोकरीच्या ऑफरकडे यायला थोडा वेळ लागेल, धीर धर.

इंग्लंडात जुन्या काळी जमीन गहाण टाकायची म्हणजे ती सावकाराच्या नावावर करून द्यायची, ठरल्या तारखेला पैसे दिले की परत घ्यायची. तारीख एका दिवसानं चुकली तरी जमीन गेली, मग कर्ज शंभराचं असो आणि जमीन हजाराची. कायद्याच्या कोर्टाला त्यात काही गैर वाटत नसे, कारण कागदावर तसंच लिहिलेलं असे. मग माणसं चान्सलरकडे, म्हणजे राजाच्या वतीनं सद्सद्विवेकानं निवाडा देणाऱ्या मंत्र्याकडे, दाद मागायची. सतराव्या शतकापर्यंत चान्सलरच्या कोर्टानं एक नियमच पक्का केला: तारीख उलटली तरी ऋणको मुद्दल आणि व्याज घेऊन आला, तर जमीन परत द्यावी लागेल. या हक्काला नाव पडलं 'इक्विटी ऑफ रिडेम्प्शन'. इक्विटीला मराठीत समन्याय म्हणतात, तेव्हा आपण म्हणू, गहाण सोडवण्याचा समन्यायी हक्क. पुढे हा हक्क स्वतःच एक मालमत्ता झाला. तो विकता येई, वारसांना मिळे. त्याची किंमत किती? जमिनीच्या किमतीतून कर्ज वजा करून जे उरेल तेवढी. सावकाराचं देऊन झाल्यावर जे खरोखर तुझं, ती तुझी इक्विटी. घराच्या बाबतीत हा शब्द असाच वापरात आला आणि पुढे कंपनीच्या भागभांडवलालाही तोच चिकटला. तुझ्या ऑफर लेटरमधला पाव टक्का त्या चान्सलरच्या कोर्टातून चालत आला आहे.

आपल्याकडे समन्यायाचं वेगळं कोर्ट नाही, तो कलमांतच मुरवलेला आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 60 काढून वाच. गहाण सोडवायचा हक्क त्यात आहे, आणि 1963 च्या मुदत कायद्यानं त्यासाठी 30 वर्षं दिली आहेत. पण न्यायाची ही जाणीव फक्त साहेबाच्या बोटीतून आली, असं कुणी शिकवलं तर मानू नकोस. व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येणार नाही, म्हणजे एका वेळी एकूण वसुली दुपटीच्या पुढे जाणार नाही, हा दामदुपटीचा नियम आपल्या धर्मशास्त्रातला. मुंबई इलाख्यातली कोर्टं तो लावत होती. ज्या शब्दानं सावकाराला लगाम घातला, तोच आज 'पैसे दामदुप्पट' म्हणून भाबड्या माणसांना फसवायला वापरतात, याचं मला फार वाईट वाटतं. आणि 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे का जाळले, तेही विसरू नकोस. त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांतल्या कोर्टांना त्यानं अधिकार दिला की रोख्यावरच्या आकड्यावर थांबू नका, त्यामागचा सगळा व्यवहार उकरून बघा.

आता माझी एक गोष्ट सांगते. चेंबरमध्ये तुम्हा मुलांना ती कधी सांगितली नव्हती.

सनद मिळून दुसरं वर्ष होतं. दिंडोरी तालुक्यातले एक आजोबा सीबीएससमोरच्या कोर्टात माझ्याकडे आले. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी पैसे उचलले होते आणि बदल्यात दोन एकरांचं खरेदीखत नोंदवून दिलं होतं. त्याच दिवशी समोरच्यानं वेगळ्या स्टँपपेपरवर लिहून दिलेलं, की तीन वर्षांत पैसे दिलेस तर जमीन परत करीन. आपल्याकडे याला मुदत खरेदी म्हणतात. आजोबा पैसे घेऊन गेले, त्यानं घेतले नाहीत. मला वाटलं, अगदी पुस्तकातली केस. गहाण सोडवण्याचा दावा लावला. युक्तिवादाच्या दिवशी समन्यायावर अर्धा तास बोलले. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं: परत देण्याची अट खरेदीखतातच आहे का?

नव्हती. त्याच मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 58 (c) ला 1929 मध्ये जोडलेलं परंतुक, म्हणजे 'पण' म्हणून घातलेली अट, सांगतं, की अट त्याच दस्तात नसेल तर तो व्यवहार गहाण धरता येणार नाही. मी ते वाचलं होतं, पण न्याय आपल्या बाजूला आहे या भरात त्याचं वजन केलं नव्हतं. त्याहून मोठी चूक पुढची. त्या वेगळ्या कागदावरून करार पुरा करून मिळावा अशी पर्यायी मागणी मी दाव्यात घालायला हवी होती. घातली नाही. लक्षात आलं तेव्हा त्या मागणीची मुदतही गेली होती, कारण ठरल्या तारखेपासून तीनच वर्षं असतात. जमीन गेली. आजोबांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. जाताना म्हणाले, "ताई, तुम्ही पुष्कळ बोललात आमच्यासाठी." ते वाक्य अजून सुटत नाही.

म्हणून सांगते, समन्याय कायद्याच्या मागून चालतो. कलम कच्चं ठेवून न्यायाच्या गप्पा मारणारा वकील पक्षकाराला बुडवतो. सावकारी नियंत्रणाचा 2014 चा कायदा आल्यापासून बेकायदा सावकाराकडे गेलेल्या जमिनीसाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते. अशा केसमध्ये तो दरवाजा आधी वाजवून बघ.

तुझ्या पाव टक्क्याकडे येते. देणी भागवून जे उरतं ती इक्विटी, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं अवघड नाही. कंपनी बुडाली तर कुणाला आधी पैसे, याची रांग 2016 च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम 53 मध्ये लिहिलेली आहे. कामगार, बँका, सरकार असे सगळे येऊन गेले की प्रेफरन्स शेअरवाले, आणि अगदी शेवटी इक्विटी भागधारक. तू येवल्याकडची, तुला हे वेगळं सांगायला नको. पालखेडच्या कालव्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला, पाणी कसं येतं, ते तुझ्या वडिलांनी जन्मभर बघितलंय. वर भिजवून उरलं तर टेलला. इक्विटी म्हणजे पैशाच्या कालव्याची टेल. वर्ष चांगलं असेल तर उरलेलं सगळं तिथे येतं आणि त्याला वरून मर्यादा नसते, म्हणून तर लोक ती घेतात. वाईट वर्षी मात्र ओलावाही पोहोचत नाही.

कंपनी विकली गेली तरी रांग असतेच. समज, गुंतवणूकदारांनी 30 कोटी घालून 30 टक्के घेतले आहेत आणि आपले पैसे आधी काढून घेण्याची अट ठेवली आहे. कंपनी 40 कोटींना विकली गेली. तू मनात पाव टक्क्याचे 10 लाख धरलेले असशील. पण गुंतवणूकदार आपले 30 कोटी आधी उचलणार, उरलेल्या 10 कोटींत तुम्ही बाकीचे, आणि तुझ्या हाती येणार साडेतीन लाखांच्या आसपास. तेव्हा विचार: हा पाव टक्का आजच्या शेअरचा, की पुढे शेअर वाढल्यावर तो पातळ होणार? ऑप्शन, म्हणजे ठरल्या भावानं पुढे शेअर घ्यायचा हक्क, असतील तर किमान एक वर्ष थांबावंच लागतं, तसा नियमच आहे, पण त्यापुढे किती वर्षांत किती हातात येणार? शेअर घेताना काय भाव भरायचा? नोकरी सोडली तर किती दिवसांत भरायचा? शेअर घेताना बाजारभाव आणि तू भरलेली किंमत यांतला फरक पगारासारखा करपात्र धरतात, म्हणजे हातात रुपया नसताना कर भरायची वेळ येऊ शकते. यातलं काही विचारायला संकोच करू नकोस. वकील म्हणून घेताहेत तुला. विचारलं नाहीस तरच त्यांना काळजी वाटायला हवी.

पगारातून घरचं भागत असेल तर घे. इक्विटीच्या भरवशावर बहिणीची फी धरू नकोस.

तिसरा अर्थ राहिला, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्याच्यावर. आपल्या नाशिककरांना तो शब्द दर ऑक्टोबरात पेपरात भेटतो: समन्यायी पाणीवाटप. गंगापूर आणि दारणा धरणांचं पाणी जायकवाडीला सोडायचं की नाही यावर दर कमी पावसाच्या वर्षी इथे किती तापतं, तू बघितलंस. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातलं कलम 12 मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबले. खोऱ्यातली तंगी समन्यायानं वाटून घेण्यासाठी, असं त्यात म्हटलंय. पाणी वाटून घ्यायचं, हे कुणीही लिहील. या कलमात आधी तंगी वाटून घ्यायची आहे. ऑक्टोबर अखेर खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत वापरायोग्य पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहावी, असा त्याचा रोख आहे. मी गंगापूर रोडला राहते. नळ सोडला की धरणाचं पाणी येतं, आणि ते पैठणकडे सोडताना मलाही पोटात कालवतं. तरी तो कायदा मला बरोबर वाटतो, आणि हे मी बाररूममध्ये बोलून दाखवते, ऐकणाऱ्यांना आवडत नसलं तरी.

आपल्या जिल्ह्याला हे शहाणपण नवं नाही. बागलाणात मोसम नदीच्या काठी फड पद्धतीत, म्हणजे शेतांचे गट करून ते एकत्र भिजवायच्या पद्धतीत, एकेका शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली असे, त्यामुळे तुटीच्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवला तर झळ एकट्याला बसत नसे. आणि ओझरला वाघाडच्या कालव्याच्या टेलला जिथे पाणीच पोहोचत नव्हतं, तिथे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचं आणि आपसात वाटायचं. सुरुवात टेलनं केली, वरचे नंतर आले. एकदा ओझरला जाऊन त्या लोकांशी बोल. शेतकरी उत्पादक कंपनीचा कायदाही बघून ठेव: भांडवल इक्विटीचंच, पण शेअर कितीही असले तरी वैयक्तिक सभासदाला मत एकच. तिथे तुला तुझ्या प्रश्नातले अर्थ एकाच छपराखाली भेटतील.

हे सगळं तुला का लिहिते? तुझी कंपनी कांदा खरेदी करणार आहे, आणि शेतकऱ्यांशी करायच्या कराराचा मसुदा तुझ्या टेबलावर येणार आहे. शेअरच्या रांगेत तू टेलला असशील, पण त्या करारात तू हेडला, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी, बसलेली असशील. गेटवर माल नापास कोण ठरवणार, त्याच्यापुढे शेतकऱ्यानं हरकत कुठे घ्यायची, वजनाची पावती कधी मिळणार, पैसे किती दिवसांत, भाव पडला तर तोटा कुणाच्या अंगावर, यातलं प्रत्येक वाक्य तू लिहिणार. तुझ्या वडिलांच्या ट्रॅक्टरवरचा कांदा कसा नाकारला होता आणि तो परत घरी आणायचं भाडं कुणी दिलं, ते तूच मला सांगितलंस.

शनिवारी सकाळी चेंबरला ये. दोन्ही कागद घेऊन ये, ऑफर लेटर आणि शेतकऱ्यांच्या कराराचा नमुना मिळाला तर तोही. आधी तो वाचू, ऑफर लेटर नंतर.

तुझी,
मॅडम