बी.एड. राहू दे, आधी तिला झोपू दे

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका आईंचं पत्र आलंय, थोडक्यात देते. "मुलगी 26 वर्षांची, जी.डी. आर्टचा पेंटिंग डिप्लोमा झालाय. बाळंतपणाला आली ती अजून इथंच आहे, बाळ सात महिन्यांचं. जावई पुण्यात नोकरीला. बाळ झोपलं की ही कागद घेऊन बसते, रंकाळ्यावरनं पानं गोळा करून आणते. बाळाच्या बेंबीतनं वेल निघालाय असली ढीगभर चित्रं काढलीत, म्हणते ॲनिमेशन फिल्म करतेय. असलं अशुभ कुणी काढतं का? मधेच रडते पण. जावई म्हणतात करायचंच तर पुण्यात दोन लाखांचा ॲनिमेशन कोर्स करू दे, मला बी.एड. बरं वाटतं. हे खूळ बंद झालं की रडणंही थांबेल. काय करू?"

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या "मधेच रडते पण" वर अडकले. बी.एड. वर चार ओळी, कोर्सच्या फीवर तीन, आणि रडण्यावर तीन शब्द! बाळंतपणानंतर पहिले आठ-दहा दिवस, फार तर दोन आठवडे, उगाच रडू येतं, ते बहुतेकींचं आपोआप जातं. सातव्या महिन्यात पोरगी रडत असेल तर ते चित्रांमुळं आहे हे तुम्ही कशावरनं ठरवलं? उलटंही असू शकतं ना, की दिवसभरात तेवढा एकच वेळ तिला बरं वाटत असेल आणि नेमका तोच तुम्ही काढून घ्यायला निघालाय. ह्याच आठवड्यात तिला तिच्या डॉक्टरांकडं घेऊन जा आणि रडण्याचं, झोपेचं, जेवणाचं स्पष्ट सांगा. आपल्या सीपीआर हॉस्पिटलला मानसोपचार विभाग आहे, मनाच्या तक्रारींसाठी टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, तो फुकट आहे. ह्यात लाजण्यासारखं काहीही नाही, आणि ‘आमच्यावेळी नव्हतं असलं’ हे कृपा करून तिच्यासमोर म्हणू नका. आमच्यावेळीपण होतं ओ, मोरीत नळ सोडून रडायचो आम्ही, एवढाच फरक.

आता ते अशुभाचं. वंशवेल हा शब्द कुणाचा, आपलाच ना? केळीला कोंब फुटले की पिलं आली म्हणतो. डोहाळजेवणाला तुम्हीच तिला फुलांची वाडी भरली असणार, मुकुट, बाजूबंद सगळं फुलांचं, तेव्हा बाई आणि झाड एक झालेलं चाललं आणि तिनं तेच कागदावर काढलं तर अशुभ? बाळामागनं पडते ती वार कधी नीट बघितलीय का, तिच्या बाळाकडच्या बाजूला नाळेपासून रक्तवाहिन्या अगदी झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या असतात. पोरीनं खोटं काही काढलेलं नाही.

जावईबापूंचा गैरसमज मात्र मोठा आहे, आणि त्यांच्यासारखे पालक माझ्याकडं दर जूनमध्ये येतात. ॲनिमेशन म्हणजे कॉम्प्युटर, कॉम्प्युटर म्हणजे कोर्स, कोर्स म्हणजे प्लेसमेंट. तसले कोर्स स्टुडिओत दुसऱ्याच्या सिनेमाचं काम करायला शिकवतात, ते काम वाईट नाही, पण रात्री-अपरात्री डेडलाइन असते आणि सात महिन्यांचं बाळ घेऊन ते कसं होणार ते त्यांनीच सांगावं. तुमची मुलगी जे करतेय ते प्रायोगिक ॲनिमेशन, म्हणजे स्वतःच्या मनातलं स्वतःच्या रीतीनं हलतं करणं, त्याला चित्र येणारा हात लागतो आणि तो तिच्याकडं आहे. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेम्सचा, म्हणजे 24 स्थिर फोटोंचा, हातानं काढणारे बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं, मिनिटाला 720. रोज दहा काढली तरी तीन मिनिटांची फिल्म सात महिन्यांत होते, बाळ चालायला लागेल तोवर. आणि हे काम वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यात करता येतं, बाळ उठलं की पेन्सिल खाली, झोपलं की पुढचं चित्र. तान्ह्या बाळाच्या आईला जमेल असं एवढं सोयीचं काम मला तरी दुसरं माहीत नाही. स्टँडला फोन लावून फोटो काढायचे, क्रिटा नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात जोडायचे. दोन लाख बँकेत राहू देत. आणि तिच्या पानांना हसू नका, 1963 साली स्टॅन ब्रॅकेज नावाच्या अमेरिकन माणसानं कॅमेराच न वापरता किड्यांचे पंख, पाकळ्या, गवत पारदर्शक टेपमध्ये चिकटवून फिल्म केली होती, ती आजही शिकवतात. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला तो ह्याच गावात. आपण कोल्हापूरला कलापूर म्हणतो ते काय नुसतं फ्लेक्सवर छापायला?

पैशाचं खरं सांगते, असल्या फिल्ममधनं घर चालत नाही. मुंबईचा मिफ हा माहितीपट-लघुपटांचा महोत्सव आहे, तिथं ॲनिमेशनला जागा आहे, मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या गीतांजली राव ह्यांची हातानं रंगवलेली शॉर्टफिल्म 2006 मध्ये फ्रान्सच्या कान महोत्सवात क्रिटिक्स वीक ह्या विभागात बक्षिसं घेऊन आली, पण म्हणून महिन्याला पगार सुरू होतो असं नाही. कमवायचंच असेल तर घरी एलिमेंटरी-इंटरमीजिएट ह्या चित्रकलेच्या परीक्षांचे क्लास, दहावीच्या जादा मार्कांसाठी पोरं येतातच. पुढं शिकायचं वाटलं तर सीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी ह्या डिझाइन विभागात ॲनिमेशनमध्ये एम.डेस., म्हणजे डिझाइनची मास्टर्स, करता येते, वयाची अट नाही, जी.डी. आर्टवाल्यांना मात्र एक वर्ष कामाचा अनुभव लागतो. बी.एड. ची सीईटी दरवर्षी असते, कुठं पळून जात नाही. आणि ते तिला करायचंय का, हे पत्रात कुठंच नाही.

तुमच्यासाठी काम एकच. रोज दुपारी दोन तास बाळ तुम्ही घ्यायचं, शेजारच्यांकडं न्या नाहीतर टाउन हॉलच्या बागेत न्या. पहिला आठवडाभर ती त्या दोन तासांत नुसती झोपली तरी उठवायचं नाही, चित्रं कुठं गेली म्हणून टोमणा मारायचा नाही. जावयांनाही सांगा, शनिवार-रविवार येऊन रात्रीचं बाळ त्यांनी बघावं, कोर्सची जाहिरात फॉरवर्ड करण्यापेक्षा ते बरं.

तिच्यासाठी एक निरोप. पानांचे ठसेच घ्यायचे असतील तर सायनोटाइप करून बघ म्हणावं. कागदाला लोहक्षारांचं द्रावण लावायचं, वर पान ठेवायचं, उन्हात धरायचं आणि पाण्यानं धुवायचं, मागं निळ्यात पांढरं पान उरतं. ॲना ॲटकिन्स नावाच्या बाईंनी 1843 पासून असे शेवाळाचे ठसे घेतले होते. फक्त द्रावण आणि ब्रश फडताळात वर ठेवायचे, बाळ आता रांगेल आणि दिसेल ते तोंडात घालेल. आणि जे काय छापायचं ते मिरगाच्या आधी उरकून घे म्हणावं, नंतर आपल्याकडं ऊन कुठलं.