साबणाच्या रॅपरवरचं ईडीटीए

प्रश्न: आमच्याकडे बोअरचं पाणी. परवा साबणाच्या रॅपरवर टेट्रासोडियम ईडीटीए असं वाचलं, शॅम्पूवर पण डायसोडियम ईडीटीए. सून म्हणते हे अंगातलं कॅल्शियम ओढून घेतं. दोन वर्षांच्या नातीला हाच साबण लावतो आणि तिची कातडीही कोरडी पडते, बंद करू का?
– एक आजी, लातूर

उत्तर: आजी, ईडीटीएमुळे साबण बंद करायची गरज नाही. ईडीटीए म्हणजे धातूंचे अंश धरून ठेवणारं रसायन; ते कॅल्शियम धरतं हे सूनबाईंचं म्हणणं खरंय, पण साबणातलं ईडीटीए कातडीतून जवळजवळ आत जातच नाही, पाणी ओतलं की वाहून गेलं. वडीत ते टाकतात कारण लोखंड-तांब्याचे बारीक अंश राहिले की साबण खवट होतो, पिवळा पडतो, ते अंश हे पकडून ठेवतं. शॅम्पूत अजून एक काम, काही जंतूंचं बाहेरचं आवरण कॅल्शियम-मॅग्नेशियमनं घट्ट राहतं, ते काढून घेतलं की आवरण ढिलं पडतं आणि मग प्रिझर्वेटिव्ह कमी घातलं तरी भागतं.

सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासणीसाठी, रक्त घेतात ती जांभळ्या बुचाची नळी आठवते का? तिच्यातही ईडीटीएच असतं, कॅल्शियम धरल्यामुळे रक्त गोठत नाही. मेयोनेजवर ३८५ नंबर दिसला तर तेही हेच, फक्त कॅल्शियम आधीच जोडलेलं, आणि पोटातून फार थोडं शोषलं जातं. रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे २.५ मिलिग्रॅम.

मला खरी काळजी ईडीटीए शिरेतून देण्याची वाटते. शिशाची विषबाधा झाली तर हॉस्पिटलात कॅल्शियमवालं ईडीटीए देतात, ते औषधच आहे. पण २००५ मध्ये अमेरिकेत टेक्सासला दोन वर्षांच्या मुलीला चुकून बिनकॅल्शियमचं, डायसोडियम दिलं गेलं, रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली गेलं आणि ती दगावली. म्हणून कुणी 'डिटॉक्स'च्या नावाखाली चिलेशनचं, म्हणजे अंगातले धातू पकडून बाहेर काढायचं, सलाईन लावू म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा, मोठ्यांनाही.

कोरड्या कातडीसाठी आधी पाण्याकडे बघा. जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेल्या पाण्यात साबणाचा चिकट थर अंगावर राहतो, बादलीच्या कडेला बसतो ना तोच. पाणी उकळा, गार होऊ द्या, तळाशी पांढरं बसेल, वरचं निथळ पाणी शेवटचे दोन तांबे म्हणून नातीच्या अंगावर घाला आणि साबण बिनवासाचा घ्या. पुरळ आलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा, रॅपर सोबत न्या.