वाचकांचे प्रश्न : ग्रामसुरक्षा दलाला आधी काय शिकवायचं?

प्रश्न : गावात २० जणांचं ग्रामसुरक्षा दल झालं. शिट्ट्या, काठ्या, टॉर्च मिळाले, पण प्रशिक्षण एका भाषणात उरकलं. आम्हीच सराव घ्यायचा तर सुरुवात कुठून करावी?

काठीपासून तरी नको. काठी हातात आली की पोरांना आपण पोलीस झालो असं वाटायला लागतं. नेमणुकीचा लेखी आदेश आहे का आणि त्यात काय अधिकार दिलेत, हे आधी पोलीस ठाण्यात बघा. आदेश नसेल तर कायद्याच्या लेखी तुम्ही साधे नागरिक.

नागरिकाला कोणाला पकडता येतं, ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे. गुन्हा तुमच्या डोळ्यांसमोर घडलेला हवा आणि तो दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा) व अजामीनपात्रही (जामीन हक्काने मिळत नाही असा) हवा. फरारी म्हणून जाहीर झालेल्यालाही धरता येतं. धरल्यावर विनाकारण वेळ न काढता, जास्तीत जास्त ६ तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. रात्रीची घरफोडी यात बसते. ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी मात्र आता दखलपात्र नाही. म्हणजे बांधावरून कोंबडी उचलणाऱ्याला डांबून ठेवलंत, तर उलट तुम्हीच अडचणीत याल.

हे पक्कं झालं की फोनचा सराव. एकाला चोर करून अंधारात पळवा. पहिल्या खेपेला बहुतेक सगळेच त्याच्यामागे धावतात आणि ११२ ला फोन करायला कोणीच उरत नाही. म्हणून चौघांची फेरी करा आणि निघण्यापूर्वीच त्यातला एक फोनवाला ठरवा. तो धावायचा नाही. त्याने क्रमाने सांगायचं : गाव आणि नेमकी जागा (मंदिर, डीपी, पूल अशी खूण), काय घडतंय, किती जण, हत्यार आहे का, गाडीचा नंबर, कोणत्या दिशेने गेले. नेटवर्क कुठे जातं ते दिवसा फिरून वहीत लिहून ठेवा. ऐन वेळी ते आठवत नाही.

शिट्टीची खूणही ठरलेली हवी. एक लांब म्हणजे 'थांबा, बघतोय', तीन आखूड म्हणजे 'मदतीला या'. ठरवलं नाही तर पहिल्याच शिट्टीला अख्खा गाव काठ्या घेऊन बाहेर येतो.

घरफोडी झालेल्या घरात कोणालाही शिरू देऊ नका, घरच्यांनाही. कडी-कुलपाला हात लावायचा नाही. अंगणात पायाचा ठसा दिसला तर त्यावर घमेलं अलगद उपडं घाला, कडा ठशाला लागू न देता. ठसे तज्ज्ञ येईपर्यंत पाऊस, कोंबड्या आणि बघे यांच्यापासून तो वाचतो.

दर रात्री वहीत नावं, निघाल्या-परतल्याची वेळ आणि काय दिसलं ते लिहा. पानांना आधीच क्रमांक घाला.

प्रश्न : रात्री अनोळखी माणूस दिसला तर चौकशी करायची की नाही?

विचारायला हरकत नाही, पण एकानेच विचारायचं. बाकीच्यांनी मागे, दोन हातांच्या अंतरावर राहायचं. त्याच्याभोवती गोल करू नये. टॉर्च डोळ्यांवर नको, हातांवर धरा. डोळ्यांवर झोत पडला की माणूस बिथरतो, आणि त्याच्या हातात काय आहे तेही तुम्हाला दिसत नाही. झडती घ्यायची नाही, मोबाइल तपासायचा नाही. तो उत्तर न देता निघाला तर जाऊ द्या आणि वर्णन ठाण्याला कळवा.

गर्दी जमली की तुमचं काम पालटतं : आता त्या माणसाला वाचवायचं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं, तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. नुसतं खोलीत नेऊन भागत नाही, हे त्यावरून कळतं. दोघांनी त्याच्यासोबत आत राहून कडी लावायची, दोघांनी दाराबाहेर उभं राहायचं, आणि फोन खोलीकडे निघतानाच झालेला हवा. गावात ज्याचा शब्द मानतात अशा माणसाला कोण उठवून आणणार, हेही सरावातच ठरवा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचा फोटो टाकायचा नाही. पाच मिनिटांत शेजारच्या गावाची गर्दीही येते.

प्रश्न : होमगार्डसारखं मानधन मिळतं का?

होमगार्डची संघटना वेगळी. तिला १९४७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि बंदोबस्ताला बोलावलेल्या दिवसांचा भत्ता मिळतो. ग्रामसुरक्षा दल स्वयंसेवी आहे. अवैध दारूसाठीचं ग्रामरक्षक दल आणखी तिसरंच. नावं सारखी वाटतात म्हणून अर्ज देताना घोळ होतो.