शिडाच्या बोटीतून महासागर पार करताना लोक दिवसभर करतात काय? आणि रात्री बोट थांबवून झोपतात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, बोट थांबत नाही. थांबवायची म्हटलं तरी नांगर टाकणार कुठे? भर समुद्रात खाली काही हजार मीटर पाणी असतं आणि बोटीवरची साखळी असते शंभर मीटरच्या आतबाहेर. त्यामुळे एक किनारा सोडल्यापासून दुसरा लागेपर्यंत बोट चोवीस तास चालूच. आणि दिवसभर काय करतात म्हणाल तर झोपतात. निदान झोपायचा प्रयत्न करतात. बाकीचं सगळं त्या झोपेभोवती बेतलेलं असतं.

मी क्रू म्हणून, म्हणजे बोटीवरचा एक हात म्हणून, कॅनरी बेटांवरून अटलांटिक महासागर ओलांडून कॅरिबियनला गेलो होतो, तेव्हा सांगतोय ते त्या वाटेवरचं. अंतर साधारण २,७०० सागरी मैल, म्हणजे ५,००० किलोमीटर. चाळीस फुटी बोट पाच-सहा नॉटने, म्हणजे तासाला पाच-सहा सागरी मैलांनी जाते, रमतगमत सायकल चालवणाऱ्याच्या वेगाने. दिवसाला १२० ते १५० मैल पडतात, म्हणजे अडीच-तीन आठवडे धरून चाला. बरेच जण नोव्हेंबर सरता सरता निघतात, कारण तोवर तिकडच्या चक्रीवादळांचा मोसम संपत आलेला असतो आणि ईशान्येचे व्यापारी वारे स्थिरावू लागतात. वारा मागून, दिवसचे दिवस. ऐकायला छान वाटतं, पण मागून वारा असला की बोट सतत या कुशीवरून त्या कुशीवर लोळते, आणि ते लोळणं पोहोचेपर्यंत चालू राहतं.

सुकाणू बहुतेक वेळ ऑटोपायलट सांभाळतो, नाहीतर वाऱ्याच्या दिशेवर चालणारं यंत्र. माणसाचं काम पहाऱ्याचं. त्याला सगळे वॉचच म्हणतात. तिघं असाल तर तीन तास वॉच, सहा तास सुट्टी, रात्रंदिवस. सतत नजर ठेवणं हा समुद्रावरचा आंतरराष्ट्रीय नियमच आहे, आणि त्यामागचा हिशोब कळला की डुलकी आपोआप उडते. कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीत बसलेल्याचे डोळे पाण्यापासून दोनेक मीटर वर. तिथून क्षितिज जेमतेम तीन मैलांवर. मोठ्या जहाजाचा डोलकाठीवरचा दिवा उंच असल्याने त्यापलीकडूनही दिसतो, आणि तो किमान सहा मैलांवरून दिसेल इतका प्रखर असावा लागतो. आता ते जहाज वीस नॉटने समोरून येतंय आणि तुम्ही सहाने त्याच्याकडे निघालाय. दिवा सहा मैलांवर दिसला तर गाठ पडायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत. म्हणून दर दहा मिनिटांनी उठायचं आणि चहूकडे नजर फिरवायची. आमच्या बोटीवर स्वयंपाकघरातला टायमर वॉचवाल्याच्या गळ्यात अडकवलेला असे. एआयएस म्हणजे जहाजांनी रेडिओवरून एकमेकांना आपली जागा कळवायची यंत्रणा. तिच्या पडद्यावर जवळची जहाजं दिसतात, धोका असला तर अलार्मही वाजतो, पण प्रत्येक बोट एआयएस लावतेच असं नाही. मध्यावर दिवसचे दिवस एकही दिवा दिसत नाही, तरी टायमर वाजला की उठायचंच.

झोपेचं तंत्र वेगळं. बंकच्या मोकळ्या बाजूला जाड कापड बांधलेलं असतं, म्हणजे माणूस खाली घरंगळत नाही. एक गुडघा भिंतीला, एक कापडाला टेकवून, मध्ये उशी कोंबून पडायचं. कानापासून चार बोटांवर पाणी खळखळत असतं, डोक्यावर कुणीतरी दोर ओढायचा विंच फिरवतंय, आणि कपाटात एकच कुठलीतरी बाटली ठक-ठक करतेय. ती बाटली शोधण्यासाठी मी मध्यरात्री अख्खं कपाट रिकामं केलंय. पहिले तीन-चार दिवस समुद्र लागतो आणि झोपेचा बोजवारा उडतो. मग शरीर मुकाट जुळवून घेतं. तीन तास मिळाले तरी गाढ झोप लागते.

रात्रीचे दोन नियम कडक. कॉकपिटबाहेर पाऊल टाकायचं तर दुसऱ्याला उठवायचं आणि अंगातल्या हार्नेसचा, म्हणजे सुरक्षा पट्ट्याचा, हूक बोटीला अडकवायचा. आणि पुरुषांनी कडेला उभं राहून लघवी करायची नाही. हसू नका, अंधारात माणूस पडला तर सापडणं जवळपास अशक्य असतं.

दिवसाउजेडी दुरुस्ती. सकाळी डेकवर फेरी मारायची: रात्री उडून पडलेले उडते मासे उचलायचे आणि कुठे काय झिजलंय ते बघायचं. वारा एकाच बाजूचा असल्याने दोर एकाच जागी घासत राहतात. म्हणून रोज दोर वीतभर सरकवायचा, म्हणजे घासणारी जागा बदलते. डेकवर एखादा स्क्रू सापडला की पोटात गोळा येतो, कारण तो कुठून तरी निखळलेला असतो आणि ते 'कुठून' शोधण्यात सकाळ जाते. वादळाची भीती सगळे विचारतात, पण या मोसमात या वाटेवर रोजचा त्रास असतो तो सरींच्या काळ्या ढगांचा. पंधरा नॉटचा वारा काही मिनिटांत तिशीपार जातो. म्हणून अंधार पडायच्या आत शीड लहान करून ठेवायचं.

स्वयंपाकाची शेगडी बोटीबरोबर झुलते, म्हणून भांडं सरळ राहतं. स्वयंपाक करणारा मात्र राहत नाही. त्याला कमरेला पट्टा. दाब नको असला तरी कुकरचं झाकण लावूनच शिजवायचं, म्हणजे पडला तरी सांडत नाही. कोबी, कांदे, बटाटे शेवटपर्यंत टिकतात. केळी सगळी एकाच दिवशी पिकतात. गोडं पाणी मोजून: पिण्या-स्वयंपाकाला माणशी तीन-चार लिटर, भांडी आणि अंघोळ खाऱ्या पाण्याने, शेवटी अंगावर जेमतेम लिटरभर गोडं. खारं पाणी गोडं करणारं यंत्र असलं तरी टाकीतल्या पाण्याचा हिशोब सोडायचा नाही. भर समुद्रात ते बिघडलं तर मेकॅनिक कुठून आणणार? प्लास्टिक समुद्रात टाकायला सक्त मनाई, त्यामुळे तो कचरा धुऊन, कापून, पिशवीत भरून सोबतच.

कंटाळा? नेलेली पुस्तकं मी अर्धीही वाचली नाहीत. संध्याकाळचं जेवण तेवढं तिघांनी एकत्र, कारण एरवी कुणीतरी झोपलेलंच असतं. भांडणंही तेव्हाच, ओलं जॅकेट कुणी माझ्या बंकवर टाकलं असल्या विषयांवर. पश्चिमेकडे जाताना दर १५ अंश रेखांशाला घड्याळ एक तास मागे जातं. कधी न्यायचं यावरही वाद होतात, कारण ज्याच्या पाळीत तो तास पडेल त्याचा वॉच चार तासांचा!

तुम्हाला कुणी क्रू म्हणून बोलावलं तर बोट किती फुटी आहे हे नंतर विचारा. आधी विचारा माणसं किती, वॉच किती तासांचा आणि ऑटोपायलट बंद पडला तर दुसरी काय सोय आहे. दोघंच असाल आणि 'हाताने धरू की सुकाणू' असं उत्तर आलं, तर मी तरी जाणार नाही.